वैद्यकीय सेवकांचे ध्यानप्रशिक्षण

रुग्णसेवा करणारे डॉक्टर, परिचारिका व इतर सेवक यांना सततच्या दुःखदर्शनाने येणारा मानसिक थकवा कमी व्हावा आणि रुग्णाकडे एकाग्रतेने लक्ष देण्याची त्यांची क्षमता टिकावी, ह्या हेतूने दिले जाणारे अवधानाचे पद्धतशीर शिक्षण. त्याची मुळे बौद्ध साधनेत असली, तरी रुग्णालयीन स्वरूपात ते १९७९ नंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आकारास आले.

वैद्याच्या मनःस्थितीचा विचार त्यापूर्वीही झालेला होता. विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलेल्या भाषणात समचित्तता हा वैद्याचा महत्त्वाचा गुण मानला. मात्र तो अंगी बाणविण्यासाठी नित्य अभ्यासाची पद्धती त्यांनी घालून दिली नाही. पुढे समचित्तता म्हणजे भावना दडपणे, असा सोयीचा अर्थही पुष्कळदा घेतला गेला.

अशी पद्धती पाली वाङ्मयात होती. सतिपट्ठानसुत्तात शरीर, वेदना, चित्त व धम्म यांचे तटस्थ निरीक्षण सांगितले आहे. त्यातील ‘सति’ (सं. स्मृती) ह्या संज्ञेला टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द योजला व तोच रूढ झाला. विसाव्या शतकात ब्रह्मदेशात ही साधना विहारांबाहेर गृहस्थांपर्यंत पोहोचली. ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे तेथील महालेखापाल. त्यांनी आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही विपश्यना शिकविली. नोकरीच्या जागी ध्यान शिकविण्याची कल्पना अमेरिकन नव्हे, हे यावरून दिसते. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले.

जॉन काबात-झिन (१९४४– ) हे रेण्वीय जीवविज्ञानाचे अभ्यासक. झेन व विपश्यना या दोन्ही परंपरांशी त्यांचा परिचय होता. १९७९ मध्ये त्यांनी वुस्टर येथील मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तणाव-निवारण चिकित्सालय काढले. आठ आठवड्यांच्या ह्या पाठ्यक्रमात श्वासावर लक्ष ठेवणे, पायांपासून डोक्यापर्यंत देहावरून क्रमाने अवधान फिरविणे आणि सौम्य योगासने यांचा अंतर्भाव होता. धार्मिक परिभाषा त्यांनी हेतुपुरस्सर टाळली. प्रारंभी येथे येणारे लोक जुनाट वेदनांचे रुग्ण होते. उपचार करणाऱ्यालाही अशा साधनेची गरज असेल, हा विचार नंतरचा.

त्या विचाराची भूमी वेगळ्या संशोधनाने तयार केली. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांतील कार्यकर्त्यांच्या थकव्याचे ‘बर्नआउट’ असे वर्णन केले. क्रिस्टिना मास्लाक यांनी सहकाऱ्यासह १९८१ मध्ये त्याची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. भावनिक रितेपणा, समोरच्या माणसास वस्तुवत् लेखणे व आपल्या हातून काही साध्य होत नाही अशी भावना, ही त्याची तीन अंगे होत. यांपैकी दुसरे थेट रुग्णाला भोवणारे असल्याने हा प्रश्न केवळ सेवकांच्या सुखाचा राहिला नाही.

रॉनल्ड एप्स्टाइन यांनी १९९९ मध्ये सजग वैद्यकव्यवसायाची संकल्पना मांडली. मायकेल क्रॅस्नर, एप्स्टाइन व सहकारी यांनी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ७० डॉक्टरांसाठी वर्षभराचा पाठ्यक्रम चालविला. आठ आठवडे दर आठवड्याला अडीच तास व नंतर दहा महिने महिन्यातून एकदा, असे त्याचे स्वरूप होते. ध्यानाबरोबरच डॉक्टरांनी आपले बरेवाईट अनुभव लिहून एकमेकांस सांगावयाचे होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत थकवा घटल्याचे व सहानुभूती वाढल्याचे आढळले. तथापि तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता, ही उणीव मोठी आहे. पुढील मुलाखतींत सहकाऱ्यांशी बोलल्याने एकाकीपणा कमी झाल्याचे अनेकांनी सांगितले. स्वतःसाठी वेळ काढण्याची मुभा स्वतःलाच देणे मात्र त्यांना कठीण गेले.

येथूनच मुख्य आक्षेप उद्भवतो. अतिरिक्त रुग्णभार, रात्रपाळ्या व अपुरे मनुष्यबळ यांमुळे येणाऱ्या थकव्यावर ध्यान सुचविणे म्हणजे व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे होय, असे टीकाकार म्हणतात. हा आक्षेप निराधार नाही. एकूण १,५५० डॉक्टरांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वैयक्तिक उपायांपेक्षा संस्थेच्या पातळीवरील उपाय अधिक परिणामकारक दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नसून व्यवसायजन्य घटना असल्याचे स्पष्ट केले.

तरीही केवळ मोकळा वेळ देणे पुरेसे ठरत नाही, असे मेयो क्लिनिकमधील ७४ डॉक्टरांवरील प्रयोगाच्या २०१४ च्या अहवालावरून दिसते. दोन्ही गटांना पंधरवड्यातून एक तास कामाच्या वेळातून मोकळा करून दिला होता. एका गटाने तो हवा तसा वापरला. दुसऱ्याने सजगता, आत्मचिंतन व अनुभवकथन यांसाठी लहान बैठका घेतल्या. रुग्णास वस्तुवत् लेखण्याची वृत्ती ह्या दुसऱ्या गटात लक्षणीय घटली. तणाव व नैराश्य यांबाबत मात्र दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.