मॉर्टो उपसागरातील 'गोलायथ'
१९०६ साली ब्रिटनने दहा बारा-इंची तोफांची 'ड्रेडनॉट' पाण्यात उतरवली आणि तिच्या आधीच्या साऱ्या युद्धनौका पाहता पाहता जुन्या ठरल्या. १८९८ साली चॅटमच्या गोदीत जलावतरण झालेली 'गोलायथ' त्यांपैकीच एक. तिच्याकडे अशा तोफा चारच होत्या.

महायुद्धात या म्हाताऱ्या नौकांना पुन्हा काम मिळाले. नव्या नौका उत्तर समुद्रात जर्मन आरमारासमोर हव्या होत्या. म्हणून दूरच्या आघाड्यांवर, बुडाल्या तरी चालतील अशा जुन्या नौका धाडल्या गेल्या. 'गोलायथ'ने १९१४ साली हिंदुस्थानी फौजांच्या जहाजांना सोबत केली, रुफिजीच्या मुखप्रदेशात दडलेल्या जर्मन 'क्योनिग्सबेर्ग'च्या नाकेबंदीत भाग घेतला, आणि पुढे ती दार्दानेल्सला आली.

१३ मे १९१५. मध्यरात्र उलटली होती. फ्रेंच फौजेला तोफांचा आधार देणारी 'गोलायथ' मॉर्टो उपसागरात नांगरून होती. धुक्याआडून 'मुआवेनेत-इ मिल्लिये' ही तुर्की विनाशिका किनाऱ्यालगत सरकत आली. तिचे तिन्ही पाणतीर लागले. नौका काही मिनिटांतच बुडाली. साडेसातशेंपैकी सुमारे ५७० माणसे, कप्तान शेल्फर्ड यांच्यासह, गेली.

लंडनमध्ये 'बुडाल्या तरी चालतील' हा हिशेब टिकला नाही. नवी 'क्वीन एलिझाबेथ' परत आणा, असा नौदलप्रमुख फिशर यांचा आग्रह होता. किचनेर त्यावर संतापले होते. 'गोलायथ'ने फिशर यांची भीती खरी ठरवली. १५ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला. महिनाअखेर चर्चिल यांचे आरमारखातेही गेले. त्याच अखेरच्या आठवड्यात जर्मन पाणबुडीने 'ट्रायंफ' आणि 'मॅजेस्टिक' बुडवल्या. मोठ्या नौका मागे घेतल्या गेल्या. त्यांच्या तोफांच्या भरवशावर उतरलेले सैनिक मात्र किनाऱ्यावरच राहिले.