बोरघाटाचा उतार आणि दोषाचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस महामार्गावर काय बोलणार, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. पण इंग्रजीत अपघाताला जो ‘ॲक्सिडेंट’ शब्द आहे, तो मूळचा आमच्याच शास्त्रातला. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत त्याचा अर्थ होतो आगंतुक धर्म; म्हणजे वस्तूच्या स्वरूपात नसलेला, असला काय नि नसला काय, असा गुण. आता माझा प्रश्न असा की जे दरवर्षी त्याच वळणावर, त्याच उतारावर घडतं, त्याला आगंतुक म्हणायचं का?

आकडा एकदाच सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. रोजचा हिशेब केला तर साडेचारशेच्या वर. एवढी माणसं रोज योगायोगानं मरत नसतात.

हे समजून घ्यायला आपण एकच जागा घेऊ, तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. बोरघाट. कोकणातून देशावर येणारी ही जुनी वाट. गाड्या जातील असा पक्का रस्ता इथे झाला १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना. त्याआधी माल चढायचा तो बैलांच्या पाठीवरून. रस्ता आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती बैलगाडी नि घोडागाडी. त्या वेगाला ती वळणं पुरेशी होती.

मग १८६३ मध्ये याच घाटातून रेल्वे गेली. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आणि इथे मला इतिहासातली फार मोलाची गोष्ट दिसते. रेल्वेच्या अभियंत्यांनी एक गोष्ट गृहीत धरली की ब्रेक कधी ना कधी दगा देणारच. म्हणून उतारावर ‘कॅच सायडिंग’ काढले, मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे रूळ. उतरणाऱ्या गाडीनं ठरल्या जागी थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवायचं, मगच पुढचा मार्ग मिळणार. नाही थांबली, तर काटा तिला त्या चढावर नेणार आणि तिथे तिचा वेग मरणार. ड्रायव्हर शहाणा आहे की वेंधळा, हा प्रश्न तिथे नंतरचा होता. आधी माणसं वाचवायची, मग चौकशी.

रस्त्यानं हा धडा घेतला नाही. मोटारी आल्या, ट्रक आले. भारतभर लागू असलेला पहिला मोटार कायदा १९१४ चा, नंतर १९३९ चा, मग १९८८ चा. या कायद्यांनी विचार केला तो मुख्यतः वाहनाचा आणि चालकाचा: नोंदणी, परवाना, दंड. रस्ता करणाऱ्याला उत्तरदायी धरणारं कलम, १९८ अ, आलं ते थेट २०१९ च्या दुरुस्तीत. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यानं कोणी मेलं वा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे पहिल्या कायद्यापासून इथवर यायला एकशे पाच वर्षं लागली.

आता आपली भाषा पाहा. वर्तमानपत्रात अपघाताची बातमी तीन प्रकारे येते. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’, ‘ब्रेक निकामी झाल्याने’ आणि ‘काळाने घाला घातला’. पहिल्यात दोष माणसाचा, दुसऱ्यात यंत्राचा, तिसऱ्यात नियतीचा. तिन्हींत रस्ता कुठे आहे? पोलिसांच्या फिर्यादीतलं वाक्य तर आपल्याला पाठच आहे: ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. रस्त्याची परिस्थिती जणू पावसासारखी आभाळातून पडते! ती कोणीतरी तयार केलेली असते, हे त्या वाक्यात येतच नाही.

याच घाटातलं उदाहरण घ्या. १८३० च्या सुमाराचा एक दगडी पूल खंडाळ्याजवळ होता. त्यावरच्या जाहिरातीमुळे लोक त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणत. द्रुतगती मार्ग त्याच्या कमानींखालून गेला. वरून उतार, समोर वळण आणि मध्ये पुलाचे खांब. ही अपघाताची जागा म्हणून सर्वांना माहीत होती. द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला २००२ मध्ये आणि पूल पाडला एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला तेव्हा. वारसा म्हणून त्याबद्दल हळहळणारे होते, आणि ती हळहळ मला समजते. पण मधल्या अठरा वर्षांत तिथे जे घडलं, त्याच्या फिर्यादींत बैलगाडीच्या काळातले खांब आरोपी म्हणून नोंदवता येत नव्हते.

दुसरं उदाहरण पुण्याचं. नवले पुलाकडे येणारा कात्रजचा उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनानं तिथे अनेक गाड्यांना धडक दिली. अशा वेळी चर्चा होते ती ट्रक न्यूट्रलमध्ये उतरवण्याची. डिझेल वाचावं म्हणून गिअर काढायचा. मग गाडीला धरून ठेवणारं इंजिन सुटतं, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटी धरेनासे होतात. चूक चालकाची आहेच. पण लांब उतार आणि त्याच्या पायथ्याशी भर वस्तीतली वाहतूक, ही रचना त्या चालकानं केलेली नाही. रेल्वेच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात विचारलेला प्रश्न इथे विचारायला हवा होता: ब्रेक लागलाच नाही, तर गाडी जाईल कुठे?

इथे कोणी म्हणेल, ‘सर, म्हणजे चालकाला मोकळं सोडायचं का?’ अजिबात नाही. जबाबदारी ही काही भाकरी नव्हे, की एकानं जास्त घेतली तर दुसऱ्याच्या ताटात कमी पडेल. चालकाची पूर्ण आणि रस्ता करणाऱ्याचीही पूर्ण, असं असू शकतं. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारलं, त्याचा गाभा हाच. माणूस चुकणार, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. त्याच देशात व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीनं तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. आपल्याकडे मागच्या सीटवर तो पट्टा आजही पाठीमागे दडपलेला असतो.

आणि महामार्गावरचा आपला रोजचा वैताग? उजव्या लेनमध्ये रेंगाळणारा ट्रक, डावीकडून कट मारणारी मोटार, उलट दिशेनं येणारी दुचाकी, डोळ्यांवर येणारा अप्पर. मला वाटतं, हा वैताग समजून घेण्यासारखा आहे. ताशी शंभरच्या वेगानं आपण अनोळखी माणसांवर विश्वास टाकून चाललेलो असतो. लेनची पांढरी रेघ म्हणजे न बोलता केलेला करार. तो मोडला की राग येतो, कारण आपला जीव त्याच्या भरवशावर असतो. ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंद केलं. पण रेघेवर विश्वास नसला की माणूस हॉर्नवरच विसंबतो. आणि रागाच्या भरात आपणही डावीकडून काढतो, तेव्हा तोच करार दुसऱ्यासाठी मोडतो.

बदल होतो, हेही सांगितलं पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं दगावली होती. त्यानंतर शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम झालं: धोक्याच्या जागा हेरणं, कठडे, फलक, वेगावर नजर, जखमींना लवकर मदत. चार वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला. शेवटचं वर्ष टाळेबंदीचं होतं हे खरं, पण घट त्याच्या आधीच सुरू झाली होती. माणसांचे स्वभाव चार वर्षांत बदलत नाहीत. रस्ता आणि व्यवस्था बदलता येते.

भक्ती बर्वे याच रस्त्यावर गेल्या, फेब्रुवारी २००१ मध्ये. आपण ‘काळानं ओढून नेलं’ म्हणालो. दुःखात असं म्हणावंसं वाटतं, त्यात गैर नाही. पण शोक संपल्यावर दुसरा प्रश्न विचारायचा असतो, आणि तो नागरिकांनी विचारायचा असतो. तुमच्या गावाजवळ अपघाताची ठरलेली जागा असेलच. पुढच्या वेळी तिथे काही घडलं, तर ‘चूक कोणाची’ याबरोबर ‘ही जागा अशी कोणी ठेवली’ हेही लेखी विचारा. कलम १९८ अ कागदावर आहे. विचारणारा असेल तरच ते रस्त्यावर उतरेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.