दोन्ही विधाने खरी मानून

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेऊ इच्छिणारे विद्यार्थी १९४८ पासून एलसॅट ही प्रवेशपरीक्षा देत आले आहेत. तिच्या तर्कविभागातले बरेचसे प्रश्न एखादा युक्तिवाद पुढे ठेवतात आणि त्यातली फट शोधायला किंवा ती बुजवायला सांगतात. या पुस्तकाचा विषय असलेले विरोधाभासाचे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. त्यांत सहसा कोणी काही सिद्ध करत नसते. न जुळणाऱ्या दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडलेल्या असतात आणि त्या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, एवढेच विचारलेले असते. युक्तिवाद खोडायची सवय झालेला हुशार विद्यार्थी नेमका इथे अडतो, कारण त्याला दोहोंपैकी एक गोष्ट खोटी पाडायची असते.

एक घडलेले प्रकरण घेऊ. १९७३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांनाच प्रवेश मिळाला. विभागवार आकडे तपासले, तर स्त्रियांना सर्रास डावलल्याचे दिसेना. काही विभागांत त्यांचेच प्रवेशाचे प्रमाण जास्त होते. बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचा उलगडा केला. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते, जिथे प्रवेश मिळणे सगळ्यांनाच कठीण होते.

आता याचाच प्रश्न झाला असे समजा. ‘त्या वर्षी अर्ज वाढले होते’ हा पर्याय कशालाच हात लावत नाही. ‘काही विभागांत स्त्रियांची गुणवत्ता सरस होती’ हा पर्याय मात्र भुरळ घालतो. त्याने विभागांचे चित्र समजते, पण एकूण आकडा अधिकच कोड्यात टाकतो. माझ्या मते या प्रश्नप्रकाराचा सगळा कस इथे आहे: एकाच बाजूचे स्पष्टीकरण कितीही पटले तरी ते उत्तर नव्हे. पर्यायातली माहिती खरी धरायची असते, त्यामुळे ‘असे खरेच घडेल का’ या शंकेत वेळ घालवू नये.

चार पर्याय उलगडा करतात आणि न करणारा पाचवा निवडायचा, असेही प्रश्न येतात. ते शेवटच्या प्रकरणासाठी राखले आहेत. पहिल्या प्रकरणातले उतारे मात्र पर्याय झाकून वाचावेत, आणि ‘तरीही’ नेमके कुठे येते ते आधी स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे.