प्रस्तावना: परका पदार्थ आणि प्रतिकारपेशी

सन १८८२मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला. पेशीभक्षणाचा सिद्धांत तिथून आला. आपला विषयही तिथूनच सुरू होतो, असे मी मानतो.

पुढे कित्येक दशके या गराड्यापासून सुटका कशी मिळवायची, एवढाच विचार झाला. शरीरात बसवायचा जैवपदार्थ निष्क्रिय असावा, शरीराला त्याचा पत्ताच लागू नये, ही अपेक्षा. ती फोल आहे. रोपण रक्ताला लागताच त्यावर प्रथिनांचा थर चढतो आणि पेशींची गाठ पडते ती या थराशी. आधी न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशी येतात, मागून मॅक्रोफेज. काही मॅक्रोफेज एकमेकींत मिसळून महाकाय पेशी होतात आणि शेवटी सगळ्याभोवती तंतूंचे आवरण तयार होते. पेसमेकरचे त्यामुळे फारसे अडत नाही. शरीरात बसवलेल्या साखरमापकाचे मात्र अडते, कारण साखर त्याच्यापर्यंत धड पोचत नाही.

शरीर उत्तर देणारच असेल, तर त्या उत्तराला वळण देता येईल का? मला या क्षेत्राची ओढ लागली ती या प्रश्नामुळे. २०१५मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी अल्जिनेटचे गोळे उंदरांच्या पोटात ठेवले. अर्ध्या मिलिमीटरचे गोळे तंतूंनी वेढले गेले. दीड मिलिमीटरचे बरेचसे स्वच्छ राहिले. रसायन तेच, फरक फक्त आकारमानाचा! मोठ्या गोळ्यांत रॅटच्या स्वादुपिंडातील पेशी भरल्या, तेव्हा मधुमेही उंदरांची साखर १८० दिवसांपर्यंत आटोक्यात राहिली. त्याआधी, २०१३मध्ये, कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन इथे मॅक्रोफेज अरुंद पट्ट्यांवर वाढवून लांबट केल्या गेल्या. कोणतेही औषध न देता, केवळ आकार बदलल्याने, त्या ऊतीच्या दुरुस्तीकडे झुकल्या.

लशींत तर आपल्याला प्रतिकारपेशी जाग्याच करायच्या असतात. त्यासाठीच ग्लेनी या संशोधकांनी १९२६मध्ये घटसर्पाच्या टॉक्सॉइडला ॲल्युमिनियमच्या क्षाराची जोड दिली. आज पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर२१ या मलेरियाच्या लशीत चिलीतल्या एका झाडाच्या सालीतले सॅपोनिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असते.

प्रतिकारशास्त्र न शिकलेल्या अभियंत्याने आधी पेशींवरची प्रकरणे वाचावीत. डॉक्टरांनी पॉलिमरची प्रकरणे गाळू नयेत. आणि कोणताही निष्कर्ष स्वीकारण्याआधी प्राणी कोणता होता आणि पदार्थ किती दिवस शरीरात होता, हे जरूर पाहा. उंदरात साधलेले माणसात साधेलच असे नाही.