राजहंस आणि रबराचा तुकडा

जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला कधी ना कधी गिअरबॉक्सचं माउंटिंग बदलावं लागतंच. रबर पिचकलेलं असतं, क्लच सोडला की हिसका बसतो, गिअर नीट पडत नाही. मग कोणीतरी सुचवतं, "रबर कशाला, पॉलियुरेथेनचं कडक माउंटिंग टाक!" मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण इंजिनिअरिंगची सवय सुटत नाही. एखादा भाग बदलण्याआधी तो तिथे आला कशासाठी, हे बघावंसं वाटतं.

१९२०च्या दशकात बहुतेक गाड्यांचं इंजिन चासीला जवळपास थेट बोल्टने आवळलेलं असे. चार सिलिंडरच्या इंजिनाला एक जन्मखोड आहे. पिस्टनचे वर-खाली धक्के एकमेकांना पूर्ण रद्द करत नाहीत. क्रँकच्या दर फेऱ्याला दोन धक्के उरतात. ९०० आरपीएमला सेकंदाला ३० झाले! शिवाय प्रत्येक स्फोटागणिक इंजिन आडवं पिळतं ते वेगळंच. हे सगळं थेट बसणाऱ्याच्या हाडांत जायचं. सुख हवं तर सहा-आठ सिलिंडरची महागडी गाडी घ्या.

१९३१मध्ये क्रायस्लरने स्वस्तातल्या प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणलं. रबराचं एक माउंटिंग पुढे उंचावर, दुसरं मागे गिअरबॉक्सपाशी खाली. दोन्हींना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाते, त्यामुळे इंजिन आपल्या नैसर्गिक अक्षाभोवती डोलतं आणि डोलणं रबरातच जिरतं. थरथर थांबवली नाही, तिला हलायला जागा दिली. सिट्रोएनने हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि गाडीच्या नाकावर पोहणारा राजहंस लावला. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीने क्रायस्लरच्याच परवान्याने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या.

पॉलियुरेथेनचा शोध १९३७चा, जर्मनीतल्या ओटो बायरचा. त्याचं कडक माउंटिंग बसवलं की गिअरबॉक्स कमी हलतो, ताकद लगेच चाकांकडे जाते. रेसिंगमध्ये हे हवंच असतं. पण थरथर नाहीशी होत नाही, ती रबराऐवजी बॉडीत जाते. पोर्शेने तर ९११ जीटी३साठी चुंबकीय क्षेत्राने गरजेप्रमाणे कडक किंवा मऊ होणारं माउंटिंग बनवलं. म्हणजे एकच कडकपणा सगळ्या वेळांना पुरत नाही, हे रेसिंगवाल्यांनाही मान्य आहे.

एका मित्राने आजोबांच्या जुन्या गाडीत कडक माउंटिंग टाकलं. गिअर झकास पडू लागले. पण सिग्नलला थांबलं की आरसा थरथरे, आणि मागे बसलेल्या आजोबांना कोणी काय बोलतंय ते ऐकू येईना. आठवड्याभरात ते म्हणाले, "तूच फिरव बाबा, मी रिक्षाने जातो." मित्राने शेवटी मूळ मापाचं नवं रबर बसवलं. गिअर तरीही व्यवस्थित पडले!

मेख इथेच आहे. आपण नव्या कडक माउंटिंगची तुलना वीस वर्षांच्या मेलेल्या रबराशी करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा आमच्या डिबगिंगचा पहिला धडा. म्हणून आधी नवं रबर टाका, महिनाभर चालवा. तरी कमी वाटलं, तर खुशाल कडक घ्या. फक्त त्याआधी मागच्या सीटवर कोण बसतं, ते आठवा.