वादळ समुद्राचे, मरण कोणाचे?



‘सायक्लोन’ हा शब्द विलायतेत बनला असावा अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो बनला कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते. वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. कोणत्या घटकेला, कोणत्या ठिकाणी, वारा कोणत्या दिशेचा होता, हे खलाशांनी लिहून ठेवलेले असे. ते सारे मांडून पाहता वारा सापाच्या वेटोळ्याप्रमाणे एका मध्याभोवती फिरतो, हे अमेरिकेत आधी सांगितले गेलेले मत त्यांना बंगालच्या उपसागरातही खरे ठरताना दिसले. ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक शब्दावरून १८४८ साली त्यांनी हे नाव ठेवले. बुडत्या जहाजावरही रोजनिशी लिहिणाऱ्या खलाशांचे या शास्त्रावर केवढे ऋण आहे!

आम्ही काही हवामानशास्त्रज्ञ नव्हे. कामगारांच्या सभांतून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर जे मिळाले, तेवढीच आमची विद्या. परंतु वादळांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. वादळाचा जोर समुद्र ठरवतो. मेलेल्यांचा आकडा मात्र पुष्कळ अंशी माणसांची व्यवस्था ठरवते.

प्रथम समुद्राचे पाहू. ज्यांनी गिरणीचा बॉयलर पाहिला आहे, त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. समुद्राचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापलेले असावे लागते, आणि ही ऊब वरच्या थरापुरती असून भागत नाही. ती बरीच खोल, सुमारे पन्नास मीटरपर्यंत असावी लागते. अशा पाण्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग बनतात, आणि वाफेत दडलेली उष्णता तेथे मोकळी होते. त्यामुळे वरची हवा तापते, खालचा दाब उतरतो, आणि चहूकडून वारा आत धाव घेतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सरळ न येता वळतो. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. विषुववृत्तालगत हे वळण फार अशक्त असल्याने तेथे चक्रीवादळ सहसा तयार होत नाही. वारा जितका वाढेल तितकी वाफ अधिक, वाफ अधिक तितकी उष्णता अधिक, आणि उष्णता अधिक तितका वारा अधिक. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की आपले हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणते. २२२ च्या आसपास गेला की महाचक्रीवादळ.

मग भर पावसाळ्यात ही वादळे क्वचितच का येतात? त्या दिवसांत खालचा वारा एका दिशेचा तर उंचावरचा जोरकस वारा दुसऱ्या दिशेचा असतो. ढगांचा उभा मनोरा त्यात टिकत नाही. म्हणून आपल्याकडे वादळांचे दिवस दोन: पावसाळ्याआधी एप्रिल ते जून, आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळ जमिनीवर चढले म्हणजे बॉयलरचे पाणीच तुटते, झाडे-डोंगर वाऱ्यास अडवतात, आणि त्याचा जोर ओसरतो. कोरडी हवा आत शिरली, किंवा वाऱ्याने घुसळून खालचे थंड पाणी वर आणले, तर समुद्रावरच ते दुबळे होते.

पण किनाऱ्यावर माणसे मारते ते मुख्यतः पाणी. वारा समुद्रच पुढे ढकलीत आणतो, आणि बंगालच्या उपसागराचे टोक उथळ व निमुळते असल्याने ते पाणी तेथे चढत जाते. पिडिंग्टन यांनी हे ओळखले होते. मातला नदीवर नवे बंदर बांधण्याची योजना निघाली, तेव्हा अशी लाट एक दिवस ते धुऊन नेईल, असे पत्र त्यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांना लिहिले. बंदर तरीही झाले. १८६७ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केले. त्याआधी, १८६४ च्या ऑक्टोबरात, कलकत्त्याच्या वादळात सुमारे साठ हजार माणसे गेली. त्यानंतर बंदरासाठी इशाऱ्यांची सोय झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. पुढल्याच वर्षी बाकरगंजच्या वादळात लाखभर माणसे बुडाली, आणि जवळजवळ तितकीच मागाहून रोगराईने व उपासमारीने मेली. इशारा जहाजांसाठी होता. झोपडीपर्यंत तो जाणार कसा?

जवळपास शंभर वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, भोला बेटाच्या परिसरात तेच घडले. भरतीची वेळ, भातकापणीचा हंगाम, बाहेरगावचे मजूर किनाऱ्यावर उतरलेले. तीन लाखांहून अधिक माणसे गेली. त्यांत मुले फार. वादळ येत असल्याचे आधी कळले होते, पण जाण्यास जागाच नव्हती. १९७२ पासून बांगलादेशात गावोगाव स्वयंसेवक नेमले गेले, कर्णे व निशाणे देण्यात आली, पुढे आश्रयाच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. आपल्याकडे ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ साली फायलीन आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. फायलीनही अतितीव्र होते. फरक पडला तो माणसांच्या तयारीने.

मग सारे झाले काय? १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गेले. मुंबई हाय येथे तेलक्षेत्रातील कामगारांना राहण्यासाठी असलेली पी-३०५ ही बार्ज नांगर तुटून भरकटली व बुडाली. तीवर २६१ माणसे होती. नौदलाने व तटरक्षक दलाने बहुतेकांना वाचवले, तरी साठाहून अधिक गेली. वादळाचा इशारा काही दिवस आधीच दिला गेला होता.

इशारा कानावर पडला म्हणजे माणूस सुटला असे नव्हे. काम टाकून निघण्याची त्यास मुभा पाहिजे, गेलेल्या दिवसाची मजुरी बुडणार नाही याची खात्री पाहिजे, आणि जाण्यास जागा पाहिजे. समुद्र दिवसेंदिवस अधिक तापतो आहे, म्हणजे भट्टीत कोळसा वाढतो आहे. ती विझवणे एका दिवसाचे काम नव्हे. पण पुढले वादळ येण्याआधी, इशारा मिळताच काम थांबवण्याचा हक्क प्रत्येक मच्छीमाराला, खलाशाला व मजुराला मिळावा, एवढे तरी आपण मागू शकतो. आजच्या सभेपुढे आमची हीच विनंती आहे.