एका खाटेचा इतिहास : पालघर-बोईसरच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मिळणारी खोली

(थ्रेड)

१/ जून-जुलैत पालघर जिल्ह्यात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात : भाताची आवणी आणि महाविद्यालयांचे प्रवेश. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून बारावी झालेली मुले-मुली पालघर, बोईसर, डहाणूकडे निघतात. त्यांना दोन याद्यांची वाट पाहायची असते. एक महाविद्यालयाची, दुसरी वसतिगृहाची. पहिल्या यादीत नाव आले आणि दुसऱ्या यादीत आले नाही, तर पुष्कळांचे पदवीशिक्षण तिथेच अडते. एका खाटेवर इतके का अवलंबून असावे, याचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सापडते.

२/ आधी भूगोल पाहू. १८६०च्या दशकात मुंबई-बडोदा रेल्वेमार्ग किनाऱ्यालगत गेला. सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. महाविद्यालये, कचेऱ्या, बाजार आणि पुढे कारखानेही बव्हंशी याच पट्ट्यात वाढले. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांना मात्र आजही रेल्वे स्थानक नाही. तिथला प्रवास एसटीवर आणि वडापच्या जीपवर चालतो.

३/ एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणूरोडपर्यंत धावू लागली आणि किनारपट्टीच्या विद्यार्थ्याला 'अप-डाऊन' सोपे झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा निघाला आणि मुख्यालय जवळ आले. तरीही एकाच वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी बसतात. एकाला पास काढून भागते, दुसऱ्याला खोली लागते. २०११च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तिथे हा दुसरा विद्यार्थी बहुधा वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर किंवा कातकरी घरातला असतो.

४/ परगावी शिकायला जाणाऱ्याने राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी त्याचे एक उत्तर तयार होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे 'वार' लावून जेवायचे किंवा माधुकरी मागायची. निजायला एखाद्या ओळखीच्याची ओसरी मिळे. त्यात अपमान होता, उपासही होता, पण शहरात टिकून राहण्याची सोय होती. ही सोय जातीच्या ओळखीवर चालत असे. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात वार लावून देणारे घर नव्हते.

५/ हे कोल्हापुरात शाहू महाराजांनी ओळखले. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. शाळा-महाविद्यालये असूनही बहुजन मुले तिथवर पोचत नव्हती, कारण त्यांना शहरात राहता येत नव्हते. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. वर्ग आणि शिक्षक आधीपासूनच होते. महाराजांनी त्यांना खाट आणि ताट यांची जोड दिली.

६/ ही बोर्डिंगे जातवार होती. त्या काळात जातवार सोय केल्यावाचून समाजाच्या देणग्या मिळणे आणि पालकांनी मुले पाठवणे कठीण होते. त्यामुळे खोलीतला सोबती बहुधा आपल्याच समाजाचा असे. याच कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी 'विटाळ' धुण्यासाठी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते.

७/ पुढे भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात स्वतःचे बोर्डिंग काढले ते याच्या नेमके उलट. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि भाकरीही मिळून भाजत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. 'कमवा आणि शिका' ही रयत शिक्षण संस्थेची ओळख याच बोर्डिंगच्या अंगणात घडली. खोलीतला सोबती दुसऱ्या जातीचा असणे हाच तिथे शिक्षणाचा पहिला पाठ होता.

८/ खोली माणसाला काय देते आणि ती नाकारली की काय होते, याची दोन टोके डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात दिसतात. १९१३च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. पहिले वसतिगृह हार्टली हॉल. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबात काढून ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले. तिथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती होता. ही मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे अडचणीच्या दिवसांत भथेनांनी त्यांना पैशाचीही मदत केली. परदेशातल्या त्या खोलीत कोणी त्यांची जात विचारली नाही.

९/ चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला आपल्याच देशात एक खोली मिळाली नाही.

१०/ म्हणूनच बाबासाहेबांच्या कार्यक्रमात वसतिगृह इतक्या आधी येते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये तिने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. १९२८ मध्ये भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळ निघाले, तेही वसतिगृहे चालवण्याच्या उद्देशाने. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ची आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६चे. म्हणजे या चळवळीत महाविद्यालयाच्या वीस वर्षे आधी वसतिगृह आले.

११/ मुलींसाठी हा प्रश्न अधिक कठीण होता, कारण 'राहणार कुठे' याच्या जोडीला 'कोणाच्या नजरेखाली' हा प्रश्न असे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि पुढे पुण्याला गेले. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. तो १९००च्या सुमारास हिंगण्याला हलला. दोन्ही ठिकाणी शिकणे आणि राहणे एकाच छपराखाली होते. संध्याकाळी फाटक बंद होण्याची वेळ, भेटीला येणाऱ्यांच्या नावांची वही, सुट्टीच्या अर्जावर पालकांची सही हे मुलींच्या वसतिगृहातील नियम याच जुन्या धास्तीचे वारस आहेत. आजची विद्यार्थिनी त्यांना वैतागते. त्याच नियमांच्या भरवशावर घरच्यांनी तिला पाठवलेले असते, हेही तितकेच खरे.

१२/ आता पुन्हा पालघरकडे. कोल्हापुरात बोर्डिंगे निघत होती त्या काळात इथल्या डोंगरपट्टीत शाळेचाच पत्ता नव्हता. वारली कुटुंबे सावकार-जमीनदारांची वेठ करीत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही बांधले जात. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ पासून शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी ही वेठ मोडली. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्या लढ्याचेच कथन आहे. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. ज्यांच्या पणजोबांना वेळेवर घरी परतण्याची मुभा नव्हती, त्यांची पणतवंडे आज वसतिगृहाच्या हजेरीला 'हजर' म्हणतात.

१३/ त्याच १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. काही वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार. अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जाणारी 'कुरणशाळा' ही त्याची रूपे. दुसरा मार्ग आश्रमशाळेचा होता. मुलाला घरून आणायचे, राहायला-जेवायला द्यायचे आणि शिकवायचे. ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये स्थापलेल्या भिल्ल सेवा मंडळापासून ही वाट पडली. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ तिच्यावर चालले आणि पुढे शासनाने आश्रमशाळांचे जाळे विणले.

१४/ बालवाडी कुरणात नेता येते, महाविद्यालय नेता येत नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, विद्यापीठाची परीक्षा यांना एक जागा लागते. म्हणून पदवीच्या टप्प्यावर दुसराच मार्ग उरतो आणि तो वसतिगृहाच्या दारातून जातो. डहाणू आणि जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीतील शासकीय वसतिगृहे त्यासाठीच आहेत.

१५/ इथे शहरी कल्पनेतील 'हॉस्टेल लाइफ' आणि पालघरचे वास्तव यांची फारकत होते. शहरी मुलासाठी प्रथम वर्षाची खोली म्हणजे घराबाहेरचे पहिले पाऊल. आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाने मात्र घर सहाव्या-सातव्या वर्षीच सोडलेले असते. घंटा, रांग, हजेरी, लोखंडी पेटी यांत त्याला नवे काही नाही. त्याला नवे असते ते शहर. इंग्रजीतून व्याख्यान देणारा प्राध्यापक, मुंबई विद्यापीठाचे ऑनलाइन अर्ज, आणि घरी वारली बोलणाऱ्याच्या प्रमाण मराठीकडे वळून पाहणारे वर्गमित्र.

१६/ खोलीत काय असते? लोखंडी खाट, गादी, कपाटाचा एक कप्पा, तीन-चार सोबती आणि मोबाइल चार्जिंगसाठी पाळीपाळीने वापरायचे एखादे बटण. दारावर गृहपालांची सूचना. खाटेखाली पेटी, पेटीत दाखले, जातीचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक. वरच्या वर्गाचा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकवतो ते याच कागदांबद्दल : कोणता अर्ज कधी भरायचा, शिष्यवृत्ती कुठे अडते, कोणत्या प्राध्यापकांना विचारले तर ते समजावून सांगतात. पूर्वी शहरातल्या नातेवाइकाकडून मिळणारी ही माहिती इथे शेजारच्या खाटेवरून मिळते. ज्यांच्या घरात पदवीपर्यंत कोणी पोचलेले नाही, त्यांच्यासाठी ती पाठ्यपुस्तकाइतकीच मोलाची असते.

१७/ आणि ताट? २०१८ मध्ये शासनाने अनेक वसतिगृहांतील खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. पैसे वेळेवर आले नाहीत तर जेवायचे काय, आणि आलेले पैसे घरच्या अडचणीला गेले तर काय, असे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले. त्याच वर्षी आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. वरवर तो मेसचा वाद होता. पण शाहू महाराजांनी जोडलेली खाट आणि ताट यांची जोडी तुटते आहे, ही त्यामागची भीती होती.

१८/ खाटा मर्यादित असतात. ज्यांना वसतिगृह मिळत नाही अशा आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. सुरुवातीच्या दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत वर्षाला ६०,००० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. त्यांत जेवण, निवास आणि निर्वाह तिन्ही भागवायचे. ही रक्कम घेऊन विद्यार्थी खोली शोधायला निघतो, तेव्हा त्याची गाठ बोईसर-तारापूरच्या अर्थकारणाशी पडते.

१९/ तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या अभियंत्यांसाठी आखीवरेखीव वसाहत उभी राहिली. शेजारी एमआयडीसी आली. तिथल्या कामगारांसाठी मात्र वसाहत आली नाही, भाड्याच्या खोल्या आल्या. उत्तर प्रदेश, बिहारपासून आलेले कामगार चाळींत एकेका खोलीत अनेकजण मिळून राहतात आणि पाळी बदलली की खाटेचा मालक बदलतो. 'कॉट बेसिस'वर जागा शोधणारा एफ.वाय.चा विद्यार्थी याच बाजारात उभा असतो. कामगाराला दरमहा पगार मिळतो. विद्यार्थ्याचे अनुदान हप्त्यांनी येते. घरमालक कोणाला पसंती देणार, हे सांगायला नको. यातूनच काहीजण रात्रपाळी धरतात आणि सकाळच्या तासाला डुलक्या घेतात. 'कमवा आणि शिका'तली सोबत वजा जाता जे उरते, ते हे.

२०/ दिवाळीनंतर या सगळ्याची खरी परीक्षा होते. भात झोडून झाले की जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा वाळूच्या, बांधकामाच्या कामावर जातात. इकडे त्याला 'जगायला जाणे' म्हणतात. घराला कुलूप लागते. रोज घरून ये-जा करणारा विद्यार्थी अशा वेळी बहुधा आई-बापांबरोबर जातो आणि दुसऱ्या सत्राची परीक्षा हुकते. वसतिगृहात खाट असलेला विद्यार्थी मागे राहू शकतो. त्या चार-पाच महिन्यांत ती खाट हेच त्याचे घर असते. सुट्टीत वसतिगृह बंद ठेवायचे की नाही, हा म्हणूनच या जिल्ह्यात केवळ व्यवस्थेचा प्रश्न नाही.

२१/ शाहू महाराज, भाऊराव, बाबासाहेब, कर्वे यांची नावे आपण शाळा-महाविद्यालयांना देतो. त्यांनी बांधले मात्र आधी निवारे. विद्यार्थी किती दिवस टिकेल हे प्रवेशअर्ज ठरवत नाही. रात्री तो कुठे झोपतो आणि सकाळी काय खातो यावर ते ठरते, हे त्यांनी जाणले होते. पालघरमध्ये नवीन महाविद्यालयाची घोषणा होते तेव्हा विद्यार्थीसंख्येबरोबर खाटांची संख्याही विचारावी, ती याच कारणासाठी. यंदाची दुसरी यादी लागेल तेव्हा पाड्यावर आवणी चालू असेल. यादीत नाव असलेली मुलगी चिखलाचे पाय धुऊन, पेटी घेऊन एसटीत बसेल. नाव नसलेली वाफ्यातच राहील. दोघींचे बारावीचे गुण कदाचित सारखेच असतील.

(थ्रेड समाप्त)